बाबाच्या उजव्या अंगाची जागा

आधी बाजेचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बाबा दवाखान्यातून घरी आले, अन् मी चहा घेऊन त्यांच्या उजव्या अंगाले बसली, तं ते एकदम कळवळले. "सरक पोरी, हातावर बसून राहिली तू."

मी खाली पाह्यलं. नुसती गोधडी होती. हात तं कोपराच्या थोडा खालून कापलेला, कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनीत गेला तो. तरी मी सरकली. आईनंही पाह्यलं.

तवापासून तो हात आमच्या घरी राहायचा. म्हणजे खरंच राहायचा. बाबा बाजेच्या डाव्या काठावर झोपायचे, त्याच्यासाठी जागा सोडून. अन् तो दुखायचा. मशीनीत अडकलेला कापूस काढतानी मूठ आवळलेली होती ना, ती तशीच राहिली. नखं तळव्यात रुतून राहिली म्हणत. नसलेल्या तळव्यात. गोळ्यांनी काही होईना. शेजारची मावशी म्हणे, "हात पुरला तिथं उकरून बोटं सरळ करा, मंग शांत होते." काकानं तो नदीकाठी पुरला होता. आई खरंच विचारात पडली, म्हणून मी घाई केली अन् आमच्या सौसरहून बाबाले पांढुर्ण्याच्या फिजिओथेरपीवाल्या ताईकडे नेलं.

मले वाटलं शेक देईल, करंट लावेल. तिनं टेबलावर आरसा उभा केला. उजवा, कोपरापर्यंत उरलेला हात आरशाच्या मागं लपवला, डावा समोर ठेवला. "काका, डाव्यातलं घड्याळ काढा, उजव्यात नव्हतं ना. आता आरशातच पाहा. दोन्ही मुठी आवळा, अन् हळूहळू उघडा."

आरशात बाबाचा उजवा हात होता. पुरा. बोटं एकेक करून उघडली अन् बाबा रडायले लागले. "सुटली," म्हणे. "कापूस पडला."

ताई म्हणे, मेंदू अजून मूठ आवळूनच बसला हाये, त्याले डोळ्यांनी दाखवा लागते. मंग काय, कपाटाचा आरसा काढला अन् रोज घरीच सुरू. दुखणं कमी होऊ लागलं, मी सगळ्या मैत्रिणींले सांगत फिरली. अन् एका संध्याकाळी बाबा म्हणे, "तो आखूड होऊन राहिला."

"कोण?"

"हात. मनगट नाई आता. पंजा सीधा कोपराले लागला."

मी लगेच ताईले फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणे चांगलं लक्षण हाये, काही लोकांचा असाच लहान होत होत जातो, दुखणंही जाते. मी खूश. बाबानं उठून आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

"अजी, आरसा काऊन फिरवला?" आईनं विचारलं.

"दुखते तं कळते हाये म्हणून. तोही गेला तं मी पुरा थोटा."

"मंग आता काय आधे थोटे हा तुमी?"

बाबा हसले, पण आरशाले हात लावला नाई. मूठ परत आवळली. रात्री दात खातानी ऐकू यायचे. मी काही म्हटलं की म्हणायचे, "राहू दे त्याले."

मंग एक दिवस कॉलेजातून आली तं आरसा टेबलावर होता. घड्याळ बाजूले काढलेलं. बाबा एकटेच, मूठ उघडून राहिले होते, अन् लेकराले थोपटतानी बोलते तसं हळू हळू काहीतरी बोलून राहिले होते. मले ऐकू आलं नाई. मी दारातच थांबली.

आता दुखत नाई. झोप लागते त्यांले.

परवा चहा घेऊन गेली अन् मुद्दाम उजव्या अंगाले बसली, तिथंच. बाबा चहा पीत राहिले. सरक म्हटलं नाई. आई चुलीपाशी थांबून पाहून राहिली होती. खालची गोधडी गार होती. मी थोडा वेळ बसली, अन् मंग आपणच सरकली.