धर्माजीचा सांडवा

“पाण्याला वाट इचारावी, दाखवू न्हाई,” असं चऱ्होलीचा धर्माजी म्हणायचा. ज्याच्या शेतात ताल घालायची तो मालक घाई करू लागला, की हे वाक्य हमखास यायचं. ताल म्हणजे उताराच्या शेतात माती अडवून धरणारी दगडी भिंत. चऱ्होलीपासून मोशीपर्यंत धर्माजीच्या हाताच्या चाळीसेक ताली होत्या आणि त्यातली एकही कधी फुगली नव्हती.

त्याची कामाची रीत वेगळी होती. पहिला दगड बसवण्याआधी तो सबंध दिवस बांधावर उकिडवा बसून राही. कुठं लव्हाळा उगवलाय, मुंग्यांनी वारूळ कुठं वर उचलून केलंय, एवढंच बघत राही. “धर्माजी अंडी उबवतोय,” म्हणून लोक चेष्टा करत. मग तो उठे, एका जागी पहार रोवे आणि म्हणे, सांडवा हितं. म्हणजे जास्तीचं पाणी जायला भिंतीत मोकळी जागा तिथं ठेवायची. तिथून पुढं ती जागा ब्रह्मदेवालाही हलवता येत नसे.

एकोणीसशे त्रेपन्न साली भोसरीच्या पलीकडच्या माळावर लष्कराच्या कॉलेजाचं बांधकाम जोरात होतं. बराकी उठत होत्या, रस्त्यांच्या कडेला कडुनिंब लागत होते. कवायतीचं मैदान सपाट करायचं तर खालच्या अंगाला पुरुषभर उंचीची भिंत हवी होती. त्या भिंतीसाठी धर्माजीला मुकादम नेमलं. त्यानं गावातली अकरा माणसं आणली, त्यात त्याची बायको गवराबाईही होती. त्या वर्षी गावाकडं कामं नव्हती. अकरा घरांची चूल त्या भिंतीवर पेटत होती आणि त्या घरांना कामाचा शब्द धर्माजीनं दिला होता.

ओव्हरसियर सोपानराव साताऱ्याकडचा, सरळ माणूस. त्यानं नकाशा पसरून दाखवला. भिंत अखंड. धर्माजीनं विचारलं, सांडवा कुठं? सोपानराव म्हणाला, पाण्याची मोरी पुढच्या वर्षी पलीकडच्या बाजूनं निघणार आहे, भिंतीला भोक ठेवायचं नाही. धर्माजीनं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी तो माळावर जाऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं पहार रोवली. पायाच्या वर दोन हात रुंद जागा त्यानं मोकळी ठेवली आणि पुढून सुटे दगड असे रचले, की बघणाऱ्याला भिंत अखंडच दिसावी. फसवावं असं त्याच्या मनात नव्हतं. सांडव्याशिवाय भिंत त्याच्या हातून उभीच राहत नव्हती, एवढंच.

हस्ताचा पाऊस दोन दिवस कोसळला. मैदानात भरलेलं पाणी सुटे दगड ढकलून धर्माजीच्या वाटेनं बाहेर पडलं. भिंतीला केसाएवढी चीर गेली नाही. पण भिंतीखाली तीस पावलांवर शिध्याचं कोठार होतं. पाणी त्याच्या दारातून आत शिरलं आणि पिठाची चाळीस पोती भिजली.

सकाळी धर्माजी त्या दारात उभा राहिला. चिखलात पांढरा लगदा पसरला होता. शेतात तालीखाली पुन्हा शेतच असतं. खालचा शेतकरी त्या पाण्याची वाट बघत असतो, सांडवा जरा मोठा ठेव म्हणून उलट मिनतवाऱ्या करतो. त्यामुळं तीस वर्षांत धर्माजीनं भिंतीच्या खालच्या अंगाला कधी वळून बघितलंच नव्हतं.

“लोकांच्या रानात पाणी सोडीत आलात,” गवराबाई हळूच म्हणाली, “आता सरकारच्या पिठात सोडलंत.”

तो हसला नाही.

सुभेदार आला. तो पंजाबकडचा होता, बोलणं मोजकं. त्यानं आधी सोपानरावाला धरलं, कारण तोवरची भिंत नकाशाप्रमाणे झाल्याची सही त्याची होती. ही गावची टोळीच नको, सगळ्यांना आजच्या आज काढा, असं सुभेदार म्हणाला. अकरा माणसं टोपल्या धरून उभी होती. त्यातल्या कुणालाही सांडव्याचं काही विचारलेलं नव्हतं.

धर्माजी पुढं झाला.

“साहेब, भोक म्या ठेवलं. सोपानरावांनी नको म्हणून सांगितलं हुतं. ह्या मान्सांनी म्या दावला तिथं दगूड लावला. मला काढा, ह्यांना ऱ्हाऊ द्या.”

सुभेदारानं विचारलं, भोक बुजवतोस का? धर्माजी म्हणाला, बुजवलं तर भिंत जाईल. सांडव्यापासून कोठाराच्या कडेनं ओढ्यापर्यंत चर काढून देतो, त्याची मजुरी नको. सुभेदारानं भिंतीला कुठं चीर गेलीय का ते चालत जाऊन बघितलं. मग म्हणाला, तीन दिवस.

धर्माजीनं चर एकट्यानं खणला. टोळीतलं कुणी हात लावायला आलं, की तो त्याला परत भिंतीवर पाठवी. खणण्याआधी मात्र तो या खेपेला चराच्या दोन्ही टोकांना जाऊन बसला, आणि ओढ्याच्या पलीकडं कुणाचं काय आहे तेही बघून आला. तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना मैदानातलं उरलंसुरलं पाणी कोठाराला वळसा घालून ओढ्यात पडलं. सुभेदारानं चर पायांनी मोजला आणि टोळी ठेवली. मुकादमी मात्र दुसऱ्याकडं गेली. सोपानरावानं धर्माजीला बाजूला घेऊन सांगितलं, साधा गवंडी म्हणून राहा, मी बोलतो साहेबांशी.

“न्हाई राव,” धर्माजी म्हणाला. “माझ्या हाताखालच्यांनी मला दुसऱ्याच्या हाताखाली बघू नये.”

त्यानं कामावरचा पितळी बिल्ला सोपानरावाच्या हातात ठेवला. गवराबाईला त्यानं आठवड्याचा पगार झाल्याशिवाय गावाकडं येऊ नको म्हणून बजावलं. पहार खांद्यावर टाकली आणि कडुनिंबाच्या रोपांमधून तो फाटकाकडं चालू लागला. माणसांनी काम थांबवलं नाही, नव्या मुकादमाची नजर होती. गवराबाई तेवढी डोक्यावर भरली टोपली घेऊन भिंतीवर उभी राहिली, आणि तो दिघीच्या वाटेला लागून दिसेनासा होईपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही.