शून्य कुठे येतं

दहावीनंतर माझ्या वर्गातल्या बाकी सगळ्या मुली क्लाससाठी नागपूर-अमरावतीला गेल्या. नावं मात्र घाटंजीच्या आमच्या मुलींच्या कॉलेजच्या पटावरच राहिली. बाबा मला म्हणाले, "तिकडं एकटी कशी राह्यशीन? इथंच शिक." म्हणून मी राहिले. फिजिक्सच्या मॅडम हजेरी घ्यायच्या, एकामागून एक नावं वाचायच्या, आणि 'हजर' म्हणणारी मी एकटीच असायची.

मॅडम तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर होत्या, यवतमाळहून एसटीनं येत. माझ्या एकटीसाठीसुद्धा त्या फळा भरून शिकवायच्या. एका दुपारी त्यांनी गणित घातलं : दोन धन चार्ज, एक दुसऱ्याच्या चौपट, मधे तीस सेंटिमीटर अंतर. विद्युत क्षेत्र शून्य कुठे?

"मधोमध," मी म्हटलं.

"काढून पाहा बरं."

काढलं, तर मधोमध मोठ्या चार्जचं क्षेत्र वरचढ ठरत होतं. तेवढ्यात बेल झाली. "उद्या पुढे करू," म्हणत त्यांनी डस्टर टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यात कायमची नोकरी लागली, असं ऑफिसातून कळलं. मला त्यांच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. मी वर्गात जाऊन फळ्यावर ते गणित पुन्हा मांडलं. हिशेब चुकायचा तेव्हा मागे वळून कोणाला विचारावं, तर रिकामे बाक. शेवटी उत्तर आलं : धाकट्या चार्जपासून दहा सेंटिमीटर. मी ते मोठ्यानं म्हटलं.

दारातून शिपाईकाकांनी डोकावलं. "कोणाशी बोलून राह्यली वं पोरी?"

"कोणाशीच नाही काका."

"मंग पंखा बंद करू का?"

परीक्षेआधी प्रॅक्टिकलला सगळ्या परत आल्या. दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीणही आली. तिला तेच गणित दाखवलं, तर तिनं दोन ओळींत सोडवलं. "अवं, ट्रिक हाय याची. एवढं लिहाचं नसते."

"पण शून्य दोघांच्या मधातच काहून येते? बाहेर काहून नाही?"

"ते नाही सांगतलं आमाले."

मला माहीत होतं. बाहेरच्या बाजूला दोन्ही क्षेत्रं एकाच दिशेला असतात, एकमेकांना खोडत नाहीत. हे तिला चित्र काढून सांगावं म्हणून मी पेन उघडला. पण तिच्या क्लासच्या मुलींनी खालून हाक मारली. "आलीच," म्हणत ती जिन्यावरून पळाली. मी तिथेच वाट पाहत उभी राहिले, बराच वेळ.

बोर्डाच्या पेपरात त्याच धाटणीचा प्रश्न आला. मी सगळ्या पायऱ्या लिहिल्या, बाणांचं चित्रही काढलं. पेपर सुटल्यावर बाहेर क्लासच्या मुली घोळका करून उत्तरं जुळवत होत्या. मी सायकल काढली. नीट पास झाले, पुढे फिजिक्सच घेऊन यवतमाळला बीएस्सीला गेले. तिथे वर्ग भरलेला असायचा. तरी पहिले काही महिने, शेजारी कोणी बसलं की मला गणित सुटायचं नाही.