हमीदभाईंनी विचारलेला प्रश्न

निहार, सई — हे मी तुमच्या आईलाही कधी बोललेले नाही. तुमच्या आजोबांना तर नाहीच, आणि आता ते ऐकायला नाहीत. आई हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल, आणि मध्येच कुठेतरी तिचा आवाज थांबेल. थांबू दे. तिलाही हे असंच कळणार.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःला वाचता आलं असतं, ते मला समजतं. पण माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आणि त्या भाषेत मी फार व्यवस्थित लिहिते. हे व्यवस्थित लिहायचं नाहीये.

निहार, तू लिहिलंस की आजोबांचं विमान तू पुन्हा बनवणार आहेस. कॉम्प्युटरवर शोधलंस — ते बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, पण कुणा एका माणसाच्या माळ्यावर न उघडलेला एक खोका सापडला आणि तो द्यायला तयार आहे. आणि शेवटी अगदी सहज विचारलंस, ‘आजोबांचं विमान पडलं कशामुळे? आई म्हणते, रेडिओ बिघडला होता.’

रेडिओ बिघडला नव्हता.

पण आधी विमानाचं सांगते. म्हणजे — मी वेळ काढते आहे, हे मला कळतंय. तरी सांगते. माझ्या भावाने तसाच एक खोका फार वर्षांपूर्वी परदेशातून आणला होता. त्यात हलक्या लाकडाचे सुटे भाग होते, ते जोडून विमान करायचं आणि जमिनीवर उभं राहून हातातल्या रेडिओच्या डब्याने ते उडवायचं. आजोबांनी ते जोडलं, उडवलं, आणि तुमची आई लहान असतानाच ते एका बाभळीवर आपटून मोडलं. त्याचे तुकडे त्यांनी ट्रंकेत ठेवले. मी कितीदा म्हटलं, टाका ते. टाकले नाहीत.

नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. तसाच खोका पुन्हा मिळावा म्हणून आम्ही कुठे कुठे लिहिलं — पत्रं मीच टाइप केली. सगळीकडून एकच उत्तर, आता ते बनत नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं की आपणच बनवायचं. मोडका तुकडा खाकी कागदावर ठेवायचा, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची, त्या मापाने नवा कापायचा. जो तुकडा हरवलेला, तो शेजारच्या तुकड्यांवरून ताडायचा. मुंबईहून लाकूड मागवलं. आणि जुन्या रेडिओत जीव घालायला हमीदभाई आले.

हमीदभाई म्हणजे आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. गावात रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान. रोज संध्याकाळी दुकान बंद करून सायकलवरून आमच्याकडे सावेडीला यायचे. “वहिनी, ह्याला पेन्शन मिळाली अन् वर बालपन बी फुकट मिळालं बघा,” असं दारातूनच म्हणायचे. आजोबा आतून ओरडायचे, “हमीद्या, गप ये. तुझ्या हातात इस्त्री दिली तरी तू तिच्यात स्टेशन शोधत बसशील!” असं हसणं त्या घरात त्याआधी आणि त्यानंतर मी ऐकलेलं नाही.

मला ते आवडत होतं का? खरं सांगू — नाही. मधल्या खोलीत भुसा, डिंक, नेलपॉलिशसारखा उग्र वास. माझ्या घरात कात्रीसुद्धा ठरल्या खिळ्यावर असते, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातून गल्लीतल्या बायका हसायच्या. “काय हो, लेकीकडं जायला घरीच विमान करताय व्हय?” मी पण हसायचे. आणि मनातून जळायचे.

आता पंखाचं. पंखाच्या सांगाड्यावर पातळ कागद चिकटवतात आणि त्यावर वार्निशासारखं एक पाणी लावतात. ते सुकताना कागद आवळत जातो. सगळीकडे सारखा आवळला तर ठीक, नाहीतर पंख पिळला जातो. म्हणून पूर्ण सुकेपर्यंत पंख सपाट फळीवर वजनाखाली दाबून ठेवायचा. आजोबांनी जुन्या दाराची फळी दोन स्टुलांवर टाकली, तिच्यावर पंख ठेवला आणि वजन म्हणून माझे जाडजूड शब्दकोश. श्रीगोंद्याला लग्नाला निघताना चपला घालता घालता म्हणाले, “मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस हं.” मी म्हटलं, “मला काय करायचंय त्याला हात लावून?”

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पापड होते.

आमच्या गल्लीत उडदाचे पापड कुणी एकटीने लाटत नसे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी — आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्या यायच्या. माझी पाळी आधीच ठरलेली. मधली खोली घरात सगळ्यात गार, तिथेच सगळ्या बसणार. आणि तिथेच तो वास, ते विमान, ते हसणं. पिठाला वास लागेल, असं मी मनाशी म्हटलं. पिठाला वास लागेल म्हणून? की बायकांनी पुन्हा हसू नये म्हणून? दोन्ही म्हणा. दुसरं जास्त.

मी शब्दकोश उतरवले. पंख उचलला — केवढा हलका होता तो — आणि गच्चीच्या जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला. वैशाखाचं ऊन. तो पत्रा तव्यासारखा तापतो, हे मला माहीत नव्हतं? मीच तिथे मिरच्या वाळवते.

फळीवर आम्ही पापड पसरले.

संध्याकाळी वर गेले तर पंखाचं डावं टोक वळलेलं. फार नाही — बोटभर. मी तो खाली आणला, हाताने दाबून बघितला, फळी पुसली, पंख होता तिथेच ठेवला. शब्दकोश ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने वर रचले, पुठ्ठ्यांच्या कडाही तशाच जुळवल्या. माझ्या नीटनेटकेपणाचं सगळे कौतुक करतात. त्या दिवशी तो असा कामी आला.

आजोबा परतले, वजनं काढली, पंख डोळ्यासमोर धरला. त्यांना तेव्हा मोतीबिंदू व्हायला लागला होता. म्हणाले, “डावीकडे जरासा पीळ वाटतो का गं?”

मी हातातलं काम सोडून आले, नीट पाहिलं, आणि म्हणाले — “मला तर सरळ दिसतो.”

त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

नागापूरच्या पुढच्या माळावर ते उडवायला नेलं. मीही गेले होते, चहाचा थर्मास घेऊन. हमीदभाईंचा हात स्थिर, म्हणून डबा त्यांच्या हातात. आजोबांनी थोडं धावून विमान हवेत सोडलं. वर गेलं, मुलांनो. खरंच वर गेलं. आजोबांनी दोन्ही हात असे डोक्यावर ठेवले, लहान मुलासारखे. मग ते डावीकडे कललं. हमीदभाई ओरडत होते, “उजवीकडं घेतोय, उजवीकडंच घेतोय रे!” — पण ते डावीकडेच वळत राहिलं, वर्तुळ लहान लहान होत गेलं, आणि नाकावर पडलं. मी थर्मासचं झाकण फिरवत उभी होते. कशामुळे पडलं, हे त्या माळावर फक्त मला माहीत होतं.

आजोबा म्हणाले, “तुझ्या रेडिओचा जोड सुटला, हमीद.” हमीदभाई वाकून मोडलेलं सगळं गोळा करू लागले. पंखाचा अर्धा तुकडा त्यांनी उचलला आणि बराच वेळ त्याच्या कडेवरून नजर लावून बघितलं. मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. रेडिओचा डबा उघडून आजोबांना दाखवला — सगळे जोड शाबूत, सगळं चालू. मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी खाली.

“वहिनी, येक विचारू? राग नका मानू. पंख सुकत हुता तवा कुनी हलवला हुता का?”

ही ती वेळ. ‘हो’ म्हणायला काय लागलं असतं? आजोबा दोन दिवस बोलले नसते. मग हमीदभाईंनीच काहीतरी थट्टा केली असती, आणि दोघांनी नवा पंख करायला घेतला असता. लाकूड उरलेलं होतं. तुकडे होते. सगळं होतं.

मी म्हणाले, “माझ्या घरात वस्तू जागची हलत नाही, हमीदभाई.”

तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. मी पुढे म्हणाले, “आपलं चुकलं की दुसऱ्याच्या घरात शोधायचं, हे बरं आहे.”

आजोबा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “हमीद, माझ्या बायकोवर घेतोस? तुझ्याकडून झालं तर झालं म्हण ना. मी काय खाणार होतो तुला?”

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मला आजही तशी खात्री आहे. ते ‘वहिनी खोटं बोलतायत’ असं म्हणू शकत होते, पण मित्राच्या बायकोबद्दल ते म्हणाले नाहीत. “असंल बाबा. माझाच जोड सुटला असंल,” म्हणाले. डबा टेबलावर ठेवला, चपला घातल्या, सायकल घेऊन गेले.

पुन्हा आले नाहीत. आजोबांनीही बोलावलं नाही. कधीतरी फाटकाशी सायकलची घंटा वाजली की ते मान वर करायचे — पेपरवाला असायचा. मी समोर भाजी निवडत बसलेली असायचे. इतकी वर्षं, तेच घर, तेच दोघं, आणि मी एक वाक्य बोलू शकले नाही. तुमच्या आईला फोनवर ‘रेडिओ बिघडला’ असं सांगितलं तेही मीच. आजोबांनी त्यानंतर हमीदभाईंचं नाव तिच्यापुढे कधी घेतलं नाही.

आजोबा गेले तेव्हा हमीदभाई आले होते. फाटकाच्या बाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. मी पायरीवरून त्यांना पाहिलं. लोक होते, गडबड होती — नाही, ते कारण नाही. मी जाऊ शकत होते.

आता दुकान त्यांचा मुलगा बघतो. ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. बाजारात जाताना रिक्षा तिथूनच जाते, आणि मी त्या बाजूला बसत नाही.

निहार, तू विचारलंस म्हणून लिहिलं. हमीदभाईंनी विचारलं होतं, तेव्हा बोलले नाही. त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.