शब्दाचा घरचा अर्थ
चार जण रोज दहा अवघड इंग्रजी शब्द पाठ करायला बसले की शब्द विसरतात, किस्से तेवढे साचत जातात! अमरावतीच्या आमच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासचंही तसंच झालं.

सरांचा नियम एकच. डिक्शनरीतला अर्थ चालणार नाही. "घरी कसं म्हनता, ते सांगा."

पहिल्याच दिवशी आला 'अँबिग्युअस', म्हणजे धड एक अर्थ न लागणारं. शेंदूरजनाघाटचा गजानन उठला. "सर, आमचे बाबा! संत्र्याच्या व्यापाऱ्यासमोर अशी मान हालवतात, हो म्हनून राहिले का नाही, ते आईलेबी समजत नाही!" सरांनी पूर्ण मार्क दिले.

मी अकोल्याला घरी गेलो तेव्हा ऐटीत म्हणालो, "आई, मी प्रोक्रॅस्टिनेट करून राहिलो." म्हणजे काम उद्यावर ढकलतोय. आई पोळ्या लाटत होती. "कर बापा, पन आंदी जेवून घे!" हे मीच क्लासमध्ये सांगितलं आणि पस्तावलो. पुढे महिनाभर सगळे मला 'जेवला का' विचारायचे.

रुखसार मूर्तिजापूरहून गाडीने यायची. 'मेटिक्युलस', म्हणजे अतिशय काटेकोर, या शब्दाला ती म्हणाली, "माहे अब्बा. रफू कराच्या आंदी सुताचा रंग उन्हात धरून पायतात." तिचे अब्बा रफूगर. कपडा कुठे फाटला होता, ते नंतर गिऱ्हाइकालाही सापडायचं नाही.

ती यादीबाहेरचे शब्द फार विचारायची, सगळे दवाखान्यातले. आम्ही तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायचो. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "मले परीक्षा नाही देनं. अब्बाचे कागद इंग्रजीत हायेत, घरात दुसरं कोनी वाचनारं नाही." त्या चिडवण्याची मला अजून लाज वाटते.

मग आठ दिवस ती आलीच नाही. आली तेव्हा तिने स्वतः फळ्यावर शब्द लिहिला, 'पॅलिएटिव्ह'. आजार आता बरा होणार नाही, फक्त त्रास कमी करायचा, असे उपचार. सरांनी त्या दिवशी कुणालाच घरचा अर्थ विचारला नाही. तो तिनेच सांगितला.

"अब्बानं कागद पुढं केला. 'काय लिवलं, बेटा?' मी कागद दोनदा वाचला. मंग म्हनलं, 'रफू, अब्बा.'"

अब्बांनी कागदाची नीट घडी घातली म्हणे.

"मंग कपडा काई नवा होत नाही आता," ते म्हणाले. "बरं. टाका बारीक घालजो."