टमरेलभर पाणी

लग्नाच्या पंगती उठल्या होत्या. कार्यालयाच्या स्वच्छतागृहातून बाहेर येऊन मी बेसिनपाशी हात धूत होतो. तेवढ्यात माझ्यामागून चार-पाच वर्षांचा एक मुलगा चड्डी सावरत बाहेर आला. त्याचे वडील दारातच उभे होते.

“पाणी ओतलंस?”

“त्या मावशी ओततील की.” मुलानं खराटा घेऊन उभ्या असलेल्या सफाईवाल्या बाईंकडे बोट दाखवलं.

“शू कुणी केली?”

“मी.”

“मग पाणी कोण ओतणार?”

वडिलांनी टमरेल भरून दिलं. ते दोन्ही हातांनी धरून, निम्मं पाणी पायांवर सांडत तो आत गेला. परतल्यावर वडिलांनी त्याला कडेवर घेतलं आणि साबण लावून त्याची बोटं एकेक करून चोळली.

आम्ही तीन भाऊ. आमच्यामागे आई रोज संडास घासायची. “मुलगे असेच!” असं हसून म्हणायची, आणि आम्हाला ते कौतुक वाटायचं. ताईला मात्र सहाव्या वर्षीच बादली उचलायला शिकवलं होतं. लाडात एखादी साधी गोष्ट शिकवायची राहून जाते आणि तिचा भार दुसऱ्याच कुणाच्या तरी कमरेवर पडतो.

“बरं केलंत दादा,” बाई त्या वडिलांना म्हणाल्या. “मोठी माणसंसुद्धा तशीच निघून जातात.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी टमरेल भरून घेतलं, नळ बंद केला आणि पुन्हा आत गेलो.