अण्णांनी काढलेले हंपीच्या होनांचे फोटो

बंगळूरच्या चामराजपेटेत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे, मुंजीचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो तिथे निघत. मॅट्रिक झाल्यावर मीही तिथे निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करू लागले. पन्नासचं दशक तेव्हा संपत आलं होतं.

एके सकाळी पुराणवस्तूंच्या कचेरीतले एक साहेब आले. हंपीजवळच्या शेतात चर खणताना सोन्याच्या होनांनी भरलेलं मडकं लागलं होतं. ते होन बंगळूरला आणले होते आणि त्यांचे फोटो हवे होते. कचेरीत काढलेल्या फोटोंत नुसती चकाकी आली होती, अक्षर एकही दिसत नव्हतं.

"जमेल का?" साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं.

"प्रयत्न करतो," अण्णा म्हणाले.

कचेरीत पहिला दिवस फुकट गेला. होन शर्टाच्या बटणाएवढे. दिवा उजवीकडे ठेवला, डावीकडे ठेवला, तरी सोनं डोळ्यांत घुसत होतं. घरी अण्णा नीट जेवलेही नाहीत.

आईने सगळं ऐकून घेतलं. "अहो, गच्चीवर संडगे घालताना मी वर धोतर बांधते. खाली ऊन कसं मऊ येतं, बघितलंय ना? तसं केलं तर?"

अण्णांनी ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्या तूही चल."

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या अंगणात अण्णांचं जुनं मलमलचं धोतर ताणलं. एक टोक खिडकीच्या गजाला, एक आईकडे, एक माझ्याकडे. चौथं पहाऱ्यावरच्या पोलिसाने न सांगता धरलं. खाली काळ्या मखमलीवर होन ठेवला होता.

अण्णा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून बराच वेळ फोकस जुळवत राहिले. मग त्यांनी मला हाक मारली. माझं टोक साहेबांनी धरलं.

कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, पण मला निगेटिव्ह बघायची सवय होती. चकाकी गेली होती. एका बाजूला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी होता. होन पालटला, तर दुसऱ्या बाजूला अक्षरं. कन्नड नव्हे, नागरी.

"श्री... प्रताप..." मी मोठ्याने वाचलं.

माझी सगळी शाळा कन्नडमध्ये झाली. नागरी आईने घरी, पाटीवर गिरवून घेतली होती. आमच्या गल्लीत कुणाला ती लिपी येत नसे, म्हणून मला ती घरातल्या घरात वापरायची वस्तू वाटे. ती विजयनगरच्या राजांच्या सोन्यावर बघून माझा ऊर भरून आला. मी आईकडे पाहिलं. तिचे हात वर धरून अवघडले होते, पण ती हसत होती.

काही महिन्यांनी होन लोकांना बघायला ठेवले. मागच्या भिंतीवर अण्णांचे फोटो होते, एकेक होन ताटाएवढा केलेला. लोक काचेतल्या होनांवरून नजर फिरवून फोटोंपुढेच रेंगाळत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी आईला विचारलं, "कुणी काढले हो हे?"

"आमच्या यजमानांनी," आई कन्नडमध्ये म्हणाली. "अक्षरं पहिल्यांदा हिने वाचली."

अण्णा कोट घालून दाराशी उभे होते. साहेबांनी त्यांना आत बोलावून पाहुण्यांशी ओळख करून दिली. त्यानंतर हंपीकडून काहीही आलं, की कचेरीतून बोलावणं आमच्याकडेच येई.