पपईच्या दांड्यातली मेणबत्ती

बुद्धपौर्णिमेला विहारात न्यायची मेणबत्ती माझी माय कधीच विकत आणायची नाही. विहारात जळून उरलेले तुकडे ती वर्षभर डब्यात साठवायची, वितळवायची आणि पपईच्या पानाच्या पोकळ दांड्यात ओतायची. खाली कणकेचा बूच, मधोमध घरच्या कापसाची वात. मेण थंड झालं की दांडा चिरून काढायचा. देवळीच्या बाजारातून साचा आणून देते म्हटलं, तर तिनं ऐकलंच नाही.

साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले आणि ती आमच्याकडं सिंदी मेघेला आली. त्या वर्षी म्हणाली, "यंदाची तू कर व बाई. माह्या हातची नाई, तं तुह्या हातची तरी जाऊ दे." हे आपल्यासोबतच संपेल, याची तिला धास्ती होती. मला मात्र नोकरी, घर, तिची औषधं, आणि वर हे एक लचांड. तरी हो म्हटलं.

बाजेवर बसून ती सांगत राहायची. दांडा कोरडा कर, मेण उकळू देऊ नको, वात ताणून बांध. एवढंही मला समजत नाही का, म्हणून मी चिडले, आणि धुतलेला दांडा तसाच ओला घेतला. गरम मेण पडताच तडतडलं, हातावर उडालं. दुसऱ्यांदा वात एका बाजूला सरकली आणि काढताना मेणबत्तीचे दोन तुकडे झाले. असा वैताग आला की ते तुकडे डब्यात फेकले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मेणबत्ती घेऊन आले.

झाली एकदाची, म्हणत ती मायच्या हातात ठेवली. तिनं एक टोक चाचपलं, मग दुसरं. पुन्हा पहिलं. मग बरी झाली म्हणाली. विहारात मात्र शेजारच्या काकूचा हात धरून सांगत होती, "माह्या पोरीनं केली." सुटले बुवा, एवढंच मला तेव्हा वाटलं, खोटं कशाला सांगू.

हिवाळ्यात माय गेली.

यंदा पौर्णिमेच्या आधी तोच डबा काढला. दांडा आतून पुसून कोरडा केला, वात ताणून बांधली. दांडा चिरला तर मेणबत्ती अख्खी निघाली. मी खूश होऊन तिच्यावर हात फिरवला. एक टोक जाड, दुसरं बारीक. पपईचा दांडाच तसा असतो. इतकी वर्षं मायच्या मेणबत्त्या पाहिल्या आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुकानातली तर दोन्हीकडून सारखी होती.

तिला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तिनं काकूला माझंच नाव सांगितलं. मी ओट्याजवळ खाली बसले आणि खूप रडले.

विहारात मेणबत्ती लावली तेव्हा काकूनं विचारलं, मागच्या वर्षीसारखीच केली का.

"नाई काकू," मी म्हटलं. "ती दुकानातली होती. ही मी केली."

ज्या माणसाला हे सांगायचं होतं, ते आता नव्हतं.